अंडाकृती मैदानातली मधली रेघ

आमच्या रोह्याच्या शिवारात एका हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग भरली होती असं मी बाहेरच्या माणसाला सांगितलं, की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या हातातल्या ग्लासकडे. ग्लासात कोकम सरबत असतं. लीग खरी होती. तिचं समालोचन मी केलं, आणि त्यातले निम्मे सामने काय चाललंय हे मला स्वतःला कळत नसताना केलं. टीव्हीवरचे लोकही तेच करतात, फक्त त्यांना कोट मिळतो.

मी मूळचा कबड्डीचा समालोचक. पोटासाठी एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्ट करतो, पण माझी खरी ओळख जत्रेतल्या माईकवरची. माझा आवाज वरसे गावापासून अष्टमीच्या पुलापर्यंत जातो असं लोक म्हणतात. त्यातले काही जण तक्रार म्हणून म्हणतात, पण मी ते कौतुक म्हणूनच घेतो.

लीग काढली अध्यक्षांनी. ते कशाचे अध्यक्ष आहेत हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. ते ज्या खुर्चीत बसतात ती अध्यक्षांची होते. धंदा प्लॉट विकण्याचा. रोहा आणि पेण यांच्यामधली बरीच भातजमीन त्यांनी घेतली होती, बांध सपाट केले होते आणि त्यावर ‘निसर्गाच्या कुशीत’ असा बोर्ड लावला होता. निसर्गाला तिथून उठवून मगच तो बोर्ड उभा राहिला, ही गोष्ट वेगळी. त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो. दिवाळीला तो आला तेव्हा बापासाठी एक लांबट, दोन्हीकडून निमुळता, लाल चामड्याचा चेंडू घेऊन आला. अध्यक्षांनी चेंडू बघितला, मग आपली सपाट केलेली जमीन बघितली, आणि त्यांना दोन्हींचा आकार सारखाच दिसला.

‘क्रिकेटची लीग गल्लीगल्लीत हाय,’ ते मला म्हणाले. ‘कबड्डी बघायला मुंबईचा गिऱ्हाईक येत नाय. आपल्याला पायजे इंटरनॅशनल.’

चार संघ ठरले. रोहा, पेण, कोलाड आणि अष्टमी. एका संघात अठरा माणसं लागतात हे कळल्यावर अष्टमीचा उत्साह थोडा ओसरला, पण पुलापलीकडून रोह्याला हरवण्याची संधी ते सोडणार नव्हते. खेळाडू सगळे कबड्डीचे, तेही बहुतेक निवृत्त. वाळलेल्या भातखाचरात अंग टाकून द्यायला दुसरं कोण तयार होणार? जर्सी बिनबाह्यांची निघाली. पोटं सुटलेली ती माणसं त्या जर्सीत रांगेने उभी राहिली, तेव्हा मला आमच्या कंपनीच्या गेटवरची सकाळची पाळी आठवली.

रोह्याचा कप्तान माझा थोरला भाऊ, दादा. पेणचे कप्तान आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. हे जाहीर झालं तेव्हा मी माईकवर होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी दातखीळ बसली.

का बसली ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. आमच्या भागातल्या गावकीच्या कबड्डीत एक रिवाज होता. चढाईवाला पकडीत सापडला, पडता पडता त्याने मधल्या रेघेकडे हात टाकला, आणि हात रेघेला लागला की नाही हे पंचाला दिसलं नाही, तर पंच पकडणाऱ्याला विचारायचा, ‘टेकला?’ पकडणारा ‘टेकला’ म्हणाला की चढाईवाला सुटला आणि त्याला धरणारे सगळे बाद. ‘नाय टेकला’ म्हणाला, की चढाईवाला बाद. त्यावर पुढं कुणी बोलायचं नाही. ज्याचं नुकसान व्हायचं त्यालाच साक्षीदार करायचं, असा हा अजब न्याय होता, आणि नवल म्हणजे तो चालायचा.

ताईच्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. जत्रेतला शेवटचा सामना, आमचं गाव विरुद्ध भावोजींचं पेणकडचं खाडीकाठचं गाव. शेवटची चढाई भावोजींची. दादाने कोपऱ्यातून त्यांचा घोटा धरला, वर दोघे पडले, आणि त्या ढिगाऱ्यातून भावोजींचा हात रेघेकडे गेला. धूळ उडाली. मी स्पीकरच्या पलीकडे होतो, मला फक्त पाठी दिसल्या. पंचाने विचारलं, ‘टेकला?’ दादाने एकदा खाली बघितलं, एकदा रेघेमागे श्वास रोखून उभ्या असलेल्या आमच्या अख्ख्या गावाकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘नाय टेकला.’

आम्ही जिंकलो. गावात मिरवणूक निघाली. भावोजी मैदानावर एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवायला मात्र आमच्याच घरी, कारण सासुरवाडी. पान वाढलं, आईने भातावर वरण घातलं, आणि भावोजींनी उजवा हात पुढं केला. मैदान आखायची पांढरी फक्की त्यांच्या नखांत अजून होती. ‘आई, हात धुवायचा राहिलाय,’ ते म्हणाले. ‘म्हटलं आधी तुमच्या पोराला दाखवावा.’

दादा मान वर न करता म्हणाला, ‘फक्की काय, कुठंबी लागते.’

भावोजी भरल्या ताटावरून उठले. ताई उंबऱ्याशी थोडी घुटमळली, मग तीही त्यांच्या मागून गेली. ती परत आली नाही. भावोजींनी तिला कधी अडवलं नाही, एवढंच म्हणाले, ‘तो ज्या दिवशी टेकला म्हणेल, त्या दिवशी येईन.’ आणि ताई आमचीच बहीण, हट्टात कमी कशी पडेल? ‘नवरा ज्या पानावरून उठला तिथं मी एकटी जेवायला बसू?’ तेव्हापासून दर भाऊबीजेला एसटीच्या कंडक्टरबरोबर पेणच्या पापडांचं पुडकं यायचं. पापड आले की आई ते डब्यात भरायची आणि त्यातला एकही तळायची नाही.

आईला कबड्डीतलं काही कळत नाही. तिला एवढंच कळतं की एका शब्दावर तिची लेक अडली आहे. ती दादाला म्हणायची, ‘म्हण की रे एकदा. तुझ्या जिभेला काय काटा टोचणार हाय?’

‘पंचाने विचारलं तवा सांगितलं,’ दादा म्हणायचा. ‘आता कोण विचारतंय?’

आणि आता कोण विचारणार? दोघांनीही कबड्डी सोडलेली. एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याचा खांदा. ते दोघे पुन्हा कधी एका मैदानात उतरतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते काम अध्यक्षांच्या प्लॉटनी केलं. कप्तान जाहीर झाले त्या रात्री मला ताईचा फोन आला. ‘दादा काय म्हणाला रे?’ तिने विचारलं. मी म्हटलं, दादा आरशासमोर जर्सी घालून बघतोय. ती हसली आणि तिने फोन ठेवला.

आता लीगकडे. या खेळाचे नियम दोन तालुक्यांत एकाच माणसाला माहीत होते, ते म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले चाचा. बरीच वर्षं आखातात एका कंपनीत होते, तिथं ऑस्ट्रेलियन साहेब लोक सुट्टीच्या दिवशी वाळूत हा खेळ खेळायचे आणि चाचा बाजूला बसून पाण्याच्या बाटल्या पुरवायचे. तेवढ्या पुण्याईवर ते पंच झाले. गल्फमधून येताना त्यांनी एक शिट्टी आणली होती, तिला इतक्या वर्षांनी काम मिळालं. चाचा शिट्टी अशी फुंकायचे की वरशाची कुत्री मैदानात यायची.

चाचांनी आम्हाला बसवून खेळ समजावला. दोन्ही टोकांना चार-चार खांब. आम्ही पोफळीचे उभे केले, कारण लोखंडाचे अध्यक्षांना महाग वाटले. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला, तरी एक गुण.

‘चुकला तरी गुण?’ कोलाडच्या कप्तानाने विचारलं.

‘व्हय. एक.’

‘हा खेळ आपल्या ग्रामपंचायतीत चालेल,’ तो म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं.

लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की त्याला ‘मार्क’ म्हणतात. मी माईकवर ‘मार्क मिळाला!’ म्हटलं की बांधावर बसलेल्या आया आपल्या पोरांना कोपराने ढोसायच्या, ‘बघ, मार्क मिळाला त्याला, तुला कधी मिळतील?’ प्रत्येक गोलमागे पांढरा कोट घालून एक माणूस उभा असतो आणि गोल झाला की दोन झेंडे हलवतो. कोट आमच्या कंपनीच्या लॅबमधून आले, झेंडे कोलाडच्या एका माणसाने कुठून आणले ते मी विचारलं नाही, पण त्यातला एक हिरवा होता आणि एक लाल. खेळाचा एक भाग संपला की भोंगा वाजवायचा. आमच्याकडे भोंग्याची कमतरता नाही. एमआयडीसीतला भोंगा वाजला की अर्धे खेळाडू मैदान सोडून डबा शोधायचे.

पण खरा घोळ केला फक्कीवाल्याने. हा आमच्या तालुक्यातला मैदानं आखणारा माणूस. कबड्डीची मैदानं आखण्यात त्याचं आयुष्य गेलं. चाचांनी त्याला सांगितलं, मोठा लंबगोल काढ, बस. दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तर लंबगोलाच्या बरोबर मधून, या काठापासून त्या काठापर्यंत, एक ठसठशीत पांढरी रेघ.

‘ही कशाला?’ चाचा ओरडले. ‘या खेळात हिचा काय उपयोग नाय!’

फक्कीवाला शांतपणे म्हणाला, ‘मैदान हाय आणि मधली रेघ नाय? मग त्याला काय मैदान म्हणायचं का?’

चाचांनी ती पायाने पुसली. संध्याकाळी ती पुन्हा होती. तीन-चार वेळा असं झाल्यावर चाचांनी नाद सोडला. रेघ राहिली, आणि तिने लीगची वाट लावली.

त्याचं असं झालं की त्या खेळात चेंडू घेऊन पळणाऱ्याला कमरेत धरून ठेवलं आणि त्याने चेंडू सोडला नाही, तर पंच शिट्टी मारतो आणि चेंडू धरणाऱ्याला देतो. साधी गोष्ट. पण आमच्या माणसांना मागून मिठी बसली की त्यांचं डोकं बंद पडायचं आणि हात मधली रेघ शोधायला लागायचा. एका बगलेत चेंडू, पाठीवर तीन माणसं, आणि हा रेघेकडे सरपटतोय! रेघेला हात लागला की तो चेंडू जमिनीवर टाकायचा, उठून मांडीवर थाप मारायचा आणि छाती काढून परत जायचा. त्याहून वाईट म्हणजे त्याला धरणारे तिघे माना खाली घालून मैदानाबाहेर जाऊन बसायचे, कारण ते बाद झाले होते. चेंडू मध्ये एकटा पडलेला. चाचा त्याच्याभोवती शिट्टी फुंकत फिरायचे.

कोलाड विरुद्ध अष्टमीच्या सामन्यात तर कोलाडचा निम्मा संघ स्वतःला बाद समजून बाहेर गेला. तिकडं कुणीतरी पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला, वर जाळ. वास सुटल्यावर त्यांना परत आणणं चाचांना जमलं नाही. त्या दिवशी चेंडूसुद्धा कुणी मागितला नाही.

मग चाचांनी शिक्षा काढली. रेघेला हात लावला की मैदानाला एक फेरी. बाद समजून बाहेर गेला तर दोन. लंबगोल केवढा होता हे मी सांगत नाही, पण एवढं सांगतो की अध्यक्षांनी पुढं त्यात बंगल्यांची आख्खी कॉलनी मावते असा नकाशा काढला. हळूहळू हात आवरायला लागले. हंगाम अर्धा सरेपर्यंत माणसं रेघेवरून नजर वळवून पळायला शिकली, उपवासाच्या दिवशी भजीच्या गाडीवरून जावं तशी.

रोहा आणि पेणचा पहिला सामना याच काळात झाला. नाणेफेकीला दोन्ही कप्तान मध्ये आले. चाचा म्हणाले, हात मिळवा. दोघांनीही हात खिशात घालायचा प्रयत्न केला, आणि चड्डीला खिसेच नव्हते. शेवटी चाचांनी दोघांशीही स्वतःच हात मिळवला आणि दोघांच्या वतीने हसले. पूर्ण सामनाभर दादा एका टोकाला आणि भावोजी दुसऱ्या. ज्या बाजूला एक जाईल, त्याच्या उलट बाजूला दुसऱ्याला काहीतरी काम निघायचं. पेण हरलं, पण त्याचं कारण म्हणजे त्यांचे चार खेळाडू वडखळच्या वाहतूक कोंडीत अडकले होते आणि शेवटच्या भोंग्याला पोचले.

घरी आईने विचारलं, ‘बोलला?’

‘कुणाशी?’ दादा म्हणाला.

आई भाकरी थापत राहिली. मला दादाचा इतका राग आला की मी न जेवता बाहेर जाऊन बसलो. आयुष्यभर घोटे पकडलेल्या माणसाला तीन अक्षरं सोडवत नाहीत म्हणजे काय! पण त्याच्या तोंडावर हे बोलायची माझी टाप नव्हती. माझा आवाज माईक असला तरच मोठा असतो.

कशीबशी लीग शेवटच्या सामन्याला आली. रोहा आणि पेण, जो जिंकेल त्याचा करंडक. करंडक पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात बनवला होता. मोसम संपल्यावर त्यांच्याकडे जे साचे रिकामे होते त्यांतच तो ओतला होता, त्यामुळे खाली कमळ, बाजूला दोन उंदीर, वर कप, आणि सगळ्यावर सोनेरी रंग. अध्यक्ष तो मांडीवर घेऊन बसले होते. मुंबईहून गिऱ्हाइकांची एक गाडी आली होती. त्यांना खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या आणि प्लॉटची पत्रकं दिली होती. एक बाई मला विचारत होत्या, की कॉलनी झाल्यावर या खेळाचा आवाज येईल का.

पेणच्या टेम्पोतून बायका उतरल्या, आणि त्यांच्यात मला ताई दिसली. केसांना थोडी पांढरी झाक आली होती. ती पलीकडच्या बांधावर, आमच्याकडे पाठ करून नाही आणि तोंड करूनही नाही, अशी तिरकी बसली. तिथून आमच्या घराचं छप्पर दिसतं. आई मैदानावर आली नव्हती. ‘मी येऊन काय बघू?’ म्हणाली होती. ‘लेकीला लांबून बघायचं? मला नाय झेपणार.’ पण सकाळी मी स्पीकर बांधायला निघालो तेव्हा म्हणाली, ‘एक भोंगा आपल्या घराकडं कर.’ मी केला.

सामना चांगला झाला. खोटं कशाला बोलू, हंगामात पहिल्यांदा खेळासारखा खेळ झाला. रेघेकडे कुणी बघत नव्हतं. मार्क पडत होते, लाल-हिरवे झेंडे हलत होते, आणि मला चक्क कळत होतं काय चाललंय. शेवटच्या भागात आम्ही चार-पाच गुणांनी पुढं. एक गोल झाला तर पेणचा करंडक, नाही तर आमचा. हे मी माईकवर इतक्यांदा सांगितलं की मुंबईच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा पत्रकं खाली ठेवली.

भोंगा व्हायला आला असताना चेंडू भावोजींकडे आला. खांदा गेलेला माणूस, पण पाय अजून जत्रेतले. दोघांना चुकवून ते मधोमध आले. आणि कोपऱ्यातून दादा सुटला. इतके आठवडे ते दोघे एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहिले नव्हते, आणि आता त्यांच्यामध्ये कुणीच नव्हतं. दादाने या वेळी घोटा धरला नाही, नियमाप्रमाणे कमरेत मिठी घातली. वर आमचे आणखी दोघे पडले. आता भावोजींना फक्त धरून ठेवायचं. चाचांची शिट्टी झाली की चेंडू आमचा आणि करंडकही आमचा. आमची सगळी बाजू ओरडत होती, ‘धरून ठेव! सोडू नको!’ मीही ओरडत होतो, माईकवर, समालोचकाने तसं करू नये हे माहीत असूनही.

त्या ढिगाऱ्यातून भावोजींचा हात बाहेर आला. फेऱ्या मारून मारून जी सवय मोडली होती ती ऐन वेळी परत आली. हात जमिनीवरून पुढं सरकला, बोटं लांब झाली आणि धुळीत पडली. रेघेजवळ.

चाचा धावत आले. शिट्टी ओठांत होती. आणि का कोण जाणे, त्या धुळीने, त्या हाताने, की लहानपणापासून जत्रेत बघितलेल्या सगळ्या सामन्यांनी, त्या माणसाच्या डोक्यातून आखात, ऑस्ट्रेलिया आणि अख्खी नियमावली पुसून गेली. शिट्टी ओठांतून सुटून गळ्यातल्या दोरीला लोंबली. ते वाकले आणि दादाला म्हणाले, ‘टेकला?’

दोन तालुक्यांतल्या सगळ्या माणसांना माहीत होतं की हा प्रश्न या खेळातला नाही. आणि ज्यांना आमच्या घरची गोष्ट माहीत होती, म्हणजे अर्थात सगळ्यांनाच, त्यांना हेही माहीत होतं की तो कुठल्या खेळातला आहे. भावोजींनी मान वळवून मागे बघितलं. त्यांनी हात काढला नव्हता.

दादाने खाली बघितलं. या वेळी गावाकडे बघितलं नाही. मिठी सोडली, गुडघ्यावर उठला आणि म्हणाला, ‘टेकला.’ मग पुन्हा, जरा मोठ्यांदा, ‘टेकला होता. तवाबी टेकला होता.’

आणि तो उठून मैदानाबाहेर चालायला लागला. बाद झालेला माणूस जातो तसा, मान खाली, हात सोडलेले. त्याच्यामागे वर पडलेले ते दोघेही निघाले. एकाने चाचांना विचारलं, ‘फेऱ्या दोन ना?’ चाचांना ते ऐकू गेलं नाही, ते धोतराच्या नसलेल्या सोग्याने डोळे पुसायला बघत होते आणि शेवटी त्यांनी कोपर वापरलं.

माझ्याकडे त्या क्षणी बोलण्यासारखं खूप होतं. इतक्या वर्षांत साठलेलं होतं. पण तोंडातून एकच शब्द आला. मी माईक तोंडाशी धरून म्हटलं, ‘टेकला.’ आणि घराकडच्या भोंग्यातून ते नीट जावं म्हणून पुन्हा म्हटलं, ‘टेकला. टेकला.’ बांधावर ताईने पदर तोंडाला लावला होता आणि शेजारची बाई तिची पाठ चोळत होती.

आता कुणाला वाटेल की भावोजींनी चेंडू खाली ठेवला आणि दोघे गळ्यात पडले. छे! भावोजी कबड्डीवाले. मोकळा गुण ते बापासाठी सोडणार नाहीत. बाकीचे सगळे दादाकडेच बघत होते; समोर मैदान रिकामं दिसलं, ते उठले, पळाले आणि मधल्या खांबांमधून चेंडू मारला. पांढऱ्या कोटवाल्याने झेंडे हलवले. भोंगा झाला. आम्ही हरलो. आमच्यातले काही जण दादाला शिव्या देत होते, पण त्या शिव्यांत दम नव्हता.

अध्यक्षांनी करंडक दिला, तेव्हा एक उंदीर त्यांच्या हातात राहिला. ती लीग पुन्हा झाली नाही. पुढच्या हंगामात त्या लंबगोलाभोवती पत्रे लागले आणि आतमध्ये रस्ते पडले. मुंबईच्या त्या बाईंनी प्लॉट घेतला असं ऐकतो. त्यांना आवाजाचा त्रास होत नसेल.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. गॅस असला, तरी मोठं पातेलं ठेवायचं असलं की ती अजून चूल पेटवते. पातेलं सणावारी काढतो ते होतं. कोण जिंकलं, हे तिने विचारलं नाही. ‘पेणची किती जण येतायत?’ एवढंच विचारलं.

‘माहीत नाय,’ दादा म्हणाला. ‘आई, मी त्यांना बोलावलंसुद्धा नाय.’

‘मी भोंग्यातनं ऐकलं,’ आई म्हणाली. ‘भात टाकलाय. वालाचं बिरडं हाय. जा, दारात बघ.’

ती दोघं दारात उभी होती. ताईच्या हातात पिशवी, भावोजींच्या काखेत एक उंदीर कमी असलेला करंडक. त्यांना न घेताच टेम्पो पेणला निघून गेला होता, म्हणजे परत जायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. ताईने आधी आमच्यामागून आलेल्या आईकडे बघितलं, आणि आई म्हणाली, ‘आली गो माझी बाय,’ आणि तिने दोन्ही हात पुढं केले. ताई चपला न काढता आत गेली.

अंगणात आम्ही तिघे राहिलो. भावोजींनी करंडक ओट्यावर ठेवला आणि उजवा हात पुढं केला. बोटं पांढरी होती, नखांत फक्की. दादाने तो हात बघितला. मग तांब्या घेऊन आला आणि त्यांच्या हातावर पाणी घालू लागला. फक्की नखांतून लवकर निघत नाही. पहिला तांब्या संपला, दादाने दुसरा भरून आणला. भावोजी बोटं चोळत होते, दादा ओतत होता, दोघेही खाली बघत होते.

‘अरे, किती वेळ हात धुताय?’ आतून ताईचा आवाज आला. ‘पानं वाढली.’